तिसऱ्यांदा मुरगळलेला घोटा: लालबागच्या एका चढाईपटूचं प्रकरण

खेळाडू: मुलगी, वय १९, लालबागमधल्या एका मंडळाच्या महिला संघात चढाईपटू, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तक्रार: उजवा घोटा मुरगळून पाच दिवस झाले, सूज आहे, चालताना दुखतं. आधी दोनदा हाच घोटा मुरगळला होता. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

परळच्या आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मुरगळलेले घोटे रोज येतात. कुणी लोकलमधून उतरताना पडलेलं असतं, कुणी गिरणगावातल्या जुन्या चाळीच्या जिन्यावरून, कुणी टर्फवर फुटबॉल खेळताना. त्यातलं हेच प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात पाय ‘दुखायचा थांबणं’ आणि पाय ‘खेळायला तयार होणं’ यांतलं अंतर फार स्पष्ट दिसलं. शिवाय कबड्डी हा खेळच असा आहे की समोरची माणसं मुद्दाम तुमच्या घोट्यालाच धरतात.

काय झालं होतं

जानेवारीतला रात्रीचा सामना, मॅटवरचा. समोर सहा जणी, म्हणजे बोनस चालू: मागचा पाय हवेत असताना पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला की एक जादा गुण. हिने उजवा पाय बोनस रेषेपलीकडे लांबवला, मागचा डावा पाय उचलला. त्याच क्षणी डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने खाली झेपावून तिचा घोटा धरला. हिने सवयीने अंग मध्यरेषेकडे झोकलं. अंग फिरलं, पाऊल मात्र पकडीत आणि मॅटवर अडकून राहिलं. ‘टक्’ झालेलं तिला ऐकू आलं.

हे असंच का होतं, ते घोट्याच्या रचनेत आहे. घोट्यातलं टॅलस हे हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पाऊल वर ओढलेलं असलं की रुंद भाग नडगीच्या दोन हाडांच्या खाचेत घट्ट बसतो. चवडा खाली ताणला की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल होतो. अशा वेळी पाऊल आत वळलं, तर सगळा ताण घोट्याच्या बाहेरच्या बाजूला पुढे असलेल्या लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यावर येतो. त्याचं आखूड नाव एटीएफएल. मुरगळलेल्या घोट्यांत सगळ्यात जास्त वेळा तेच फाटतं, त्याच्या खालचं सीएफएल हे लिगामेंट त्यानंतर. बोनस घेताना पाऊल नेमकं त्याच सैल अवस्थेत असतं: चवडा ताणलेला, सगळं वजन एका पायावर.

मैदानात स्प्रे मारला, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि उरलेल्या वेळात तिने आणखी दोन चढाया केल्या. सामना जिंकला, हे तिने मला दोनदा सांगितलं.

सकाळी घोट्याचं हाड सुजेत दिसेनासं झालं होतं. आजीने आंबेहळद, रक्तचंदन आणि तुरटीचा लेप लावला. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘नस बसवून’ घ्यायला नेलं. तिथे तेल लावून पाऊल दोन-तीनदा जोरात फिरवलं. रात्री ठणका वाढला, चौथ्या दिवशी काळंनिळं पार बोटांपर्यंत उतरलं. लेपाला माझी काही हरकत नाही. गरम लेप लावून घरचं माणूस पाय मांडीवर घेऊन बसतं, निदान तेवढा वेळ पाय वर राहतो. मालिशला मात्र आहे. नस कुठे सरकलेलीच नसते. ताज्या फाटलेल्या लिगामेंटला त्याच दिशेने पुन्हा ओढलं जातं, इतकंच.

तपासणी

वडिलांचा पहिला प्रश्न: “डॉक्टर, एक्स-रे काढून घेऊ या ना? मनाचं समाधान.”

एक्स-रे कधी लागतो याचा एक चांगला नियम आहे. १९९२ साली कॅनडातल्या ओटावात तो तयार झाला आणि तेव्हापासून जगभर वापरात आहे. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड आणि टोक, खालचे साधारण ६ सेंटीमीटर, दाबून पाहायचे. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेतलं हाड जिथे सुरू होतं तो उंचवटा दाबायचा. आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर हाड दाबायचं. आणि पाहायचं, की दुखापत झाल्याझाल्या आणि आत्ता माणूस चार पावलं टाकू शकतो का, लंगडत टाकली तरी चालतील. हाडावर दुखत नसेल आणि चार पावलं पडत असतील, तर फ्रॅक्चरची शक्यता अगदी थोडी. तिचं दुखणं हाडाच्या पुढे आणि खाली, मऊ भागात होतं. चार पावलं तिने वेटिंग रूममधून येतानाच टाकली होती आणि सामन्यात तर चढाया केल्या होत्या. एक्स-रे काढला नाही. वडिलांना पटायला वेळ लागला. प्रत्येक जागा दाबताना त्यांनाच शेजारी उभं केलं, तेव्हा पटलं.

संघाच्या सरांनी फोनवर एमआरआयचं विचारलं. पाचव्या दिवशी त्याचीही गरज वाटली नाही. लिगामेंट किती सैल झालंय हे हाताने तपासायची वेळ उलट चार-पाच दिवसांनीच चांगली असते. पहिल्या दिवशी सूज आणि वेदनेमुळे स्नायू इतके आवळलेले असतात की काही कळत नाही. नडगी धरून टाच पुढे ओढली, तर उजवा पाय डाव्यापेक्षा स्पष्ट जास्त सरकत होता, पण शेवटी अडत होता. म्हणजे एटीएफएल अर्धवट फाटलेलं, सीएफएल ताणलेलं. दुसऱ्या ग्रेडची दुखापत म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट तपासावीच लागते आणि घाईत ती राहून जाते. नडगीची दोन हाडं घोट्याच्या वर एकमेकांना बांधलेली असतात. पाऊल बाहेरच्या दिशेने पिळलं गेलं की ती बांधणी फाटते. पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबली आणि खाली घोट्यापाशी कळ आली, किंवा पाऊल बाहेर वळवताना वर दुखलं, तर प्रकरण वेगळं असतं आणि बरं व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तिचं तसं काही नव्हतं.

मग मागच्या दोन वेळांचं विचारलं. पहिल्यांदा शाळेत, मातीवर. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी सरावात. दोन्ही वेळा क्रेप बँडेज, आठ-पंधरा दिवस सुट्टी, दुखायचं थांबलं की थेट चढाई. व्यायाम? “नाही, डॉक्टरांनी आराम करायला सांगितलं होतं. केला.” अधूनमधून पाय दगा देतो का?

“करी रोडच्या पुलावर उतरताना कधीकधी आपोआप वळतो. पडत नाही पण मी, मॅडम. सवय झालीय.”

माझ्या मते सगळ्या तपासणीत हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं. एटीएफएल अर्धवट फाटणं ही पाच दिवसांपूर्वीची गोष्ट. पाय ‘आपोआप वळणं’ वर्षभरापूर्वीचं.

जुनी दुखापत, नवी दुखापत

घोटा मुरगळणं ही खेळातली सगळ्यात कमी मनावर घेतली जाणारी दुखापत असावी. गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट गेलं की अख्खं घर हादरतं. घोट्याला ‘मुरगळलाय, होईल’ एवढंच. पण वेगवेगळ्या अभ्यासांत असं दिसलंय की घोटा मुरगळलेल्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे दीर्घकाळ काही ना काही त्रास राहतो: पाय दगा देणं, पुन्हापुन्हा मुरगळणं, सूज. आणि पुन्हा मुरगळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधी मुरगळलेलं असणं.

लिगामेंट हाडं नुसती बांधून ठेवत नाही. सांधा कुठल्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणारी टोकं त्यात असतात. लिगामेंट फाटलं की खबरही अडखळते. घोट्याच्या बाहेरून खाली उतरणारे पेरोनियल स्नायू पाऊल आत वळायला लागताच ते सावरतात. खबर उशिरा पोचली की तेही उशिरा जागे होतात. त्यात आठ-पंधरा दिवस पाय बांधून ठेवला की स्नायू बारीक होतात, घोटा कडक होतो आणि चालण्याची ढब बदलते. दुखणं थांबतं, बाकीचं तसंच राहतं. तीन वर्षांत तिच्या पायात हेच साठत गेलं होतं.

म्हणून दुसऱ्या भेटीतच सांगितलं, की या वेळी एका मुरगळण्याचा नाही, तिन्हींचा उपचार करायचा आहे. तिने लगेच विचारलं, “किती दिवस?” दिवस सांगितले नाहीत. कुठल्या पायरीवर काय जमलं पाहिजे, त्याचा कागद दिला. सरांना ते आवडलं नाही, त्यांना तारीख हवी होती.

पहिले पंधरा दिवस

बर्फ, आराम, पट्टी आणि पाय वर ठेवणं, हा इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेला ‘राइस’ मंत्र अमेरिकेतल्या गेब मर्किन या डॉक्टरांनी १९७८ मध्ये दिला आणि तो पिढ्यानपिढ्या पाठ झाला. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं होणं लांबूही शकतं. आता सल्ला असा, की पहिले दोन-तीन दिवस जपा, मग दुखणं सांभाळत वजन टाकायला आणि हालचाल करायला लागा. बर्फाने वेदना कमी होते, तेवढ्यासाठी दहा-पंधरा मिनिटं लावायला माझी ना नाही. तिच्याकडे तर फ्रीजही नव्हता. शेजारच्या काकूंकडून बर्फाचा ट्रे यायचा आणि ओल्या टॉवेलातून लावायचा.

पाय उंच ठेवणं त्याहून अवघड होतं. दहा बाय बाराची खोली, चार माणसं, रात्री सगळ्यांच्या गाद्या जमिनीवर. पाय हृदयापेक्षा वर ठेवा, असं सहज सांगून जाता येतं. शेवटी गोधड्यांची वळकटी भिंतीला लावून तिच्या पायाखाली ठेवली आणि तिचा भाऊ मधल्या जागेतून माळ्यावर गेला.

क्रेप बँडेज काढून नाड्यांचा घोट्याचा ब्रेस दिला. क्रेप सकाळी घट्ट असतं आणि दुपारपर्यंत ढिलं होतं, त्याने आधार मिळतो असं वाटतं तेवढंच. ब्रेसमध्ये पाऊल वर-खाली हलतं, आत-बाहेर वळत नाही, आणि हवं तेच. प्लास्टरचा विषयही निघाला होता. अशा दुखापतीत लवकर हालचाल सुरू केलेल्यांचं पूर्ण बांधून ठेवलेल्यांपेक्षा चांगलं होतं, हे आता वादाचं राहिलेलं नाही.

सातव्या दिवशी कॉलेजला निघाली. करी रोडहून माटुंगा. गर्दीची गाडी सोडून मागची पकडायची, गाडी थांबल्याशिवाय उतरायचं नाही आणि पुलावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. शेवटचं तिला उलट वाटायचं, पण वजन वर उचलण्याचं आणि सावकाश खाली सोडण्याचं काम चांगल्या पायाने करायचं, एवढंच त्यात आहे.

कंटाळवाणे आठवडे

दोन ते पाच हे आठवडे लिहायला फारसं काही नाही. करायला मात्र सगळ्यात जड. टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, मग एका, मग चाळीच्या जिन्याच्या पायरीवर टाच खाली सोडून. रबरी ट्यूब पायाला अडकवून पाऊल बाहेर ढकलणं. नितंबाच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम, कारण एका पायावर उभं राहताना कंबर एका बाजूला पडली तर घोट्याने एकट्याने किती सावरायचं? दात घासताना एका पायावर, मग डोळे मिटून एका पायावर. मोरीत ओलं असतं म्हणून गॅलरीत उभी राहायची. आई मला फोनवर खरं काय ते कळवायची: “सकाळी केलं. संध्याकाळी नाही केलं, मोबाइल बघत बसली होती.”

सगळ्यात हट्टी निघाला घोट्याचा कडकपणा. तो मोजायची एक साधी पद्धत आहे. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती लांब नेता येतो ते पट्टीने मोजायचं. डावा पाय ११ सेंटीमीटर, उजवा सुरुवातीला ४. पाचव्या आठवड्यात साडेआठ झाला. दोन पायांत २ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक मला चालत नाही. पाऊल पुरेसं वर येत नसेल, तर सांधा त्या घट्ट खाचेत कधी बसतच नाही, आणि धावताना, उडी मारून खाली येताना तो सतत सैल बाजूलाच राहतो.

निवड चाचणी

पाचव्या आठवड्यात चाचणी आली. वेदना शून्य. चालताना लंगडणं नाही. गॅलरीत धावून दाखवलं होतं. सर स्वतः दवाखान्यात आले.

“मॅडम, नुसती चाचणी आहे. चार चढाया करील आणि बाहेर येईल.”

“त्या चार चढायांत समोरच्या मुली घोटा सोडून बाकी कुठेही धरतील का?”

सर हसले. मग म्हणाले, “पहिल्यांदा तिथंच जातील. सगळ्यांना माहितीय तिचा उजवा पाय कच्चा आहे.”

घोटा मुरगळल्यावर खेळाडूला परत कधी पाठवायचं, यावर २०२१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सहमतीने पाच गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: वेदना, घोट्याची हालचाल आणि ताकद, खेळाडूला स्वतःला पायाचा किती भरवसा वाटतो, तोल, आणि खेळातल्या हालचाली. दुखापतीला किती आठवडे झाले, हा त्या पाचांत नाही. आम्ही सरांच्या समोरच सगळं करून पाहिलं.

वेदना: नाही. एका पायावर टाच उचलणं: डाव्याने २६ वेळा, उजव्याने १५ नंतर टाच अर्धीच वर येत होती. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे जमिनीलगत जास्तीत जास्त लांबवणं: उजव्यावर उभं असताना ७ सेंटीमीटर कमी. या चाचणीत ४ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्या खेळाडूंना दुखापतीचा धोका जास्त दिसला आहे. मग आडव्या उड्या, जमिनीवर ३० सेंटीमीटर अंतरावर दोन पट्ट्या, एकाच पायाने इकडून तिकडे, दहा फेऱ्या. झाल्या, पण उशिरा, आणि उड्या मारताना ती समोर पाहतच नव्हती. नजर सगळा वेळ उजव्या पावलावर. हे कुठल्या तक्त्यात येत नाही, पण सरांनी माझ्या आधी पाहिलं. चढाई करताना समोरच्या सात जणींवर नजर ठेवायची, की पायावर?

“भरवसा वाटतो का?” या प्रश्नाला तिने दहापैकी आठ सांगितले. आई खोलीबाहेर गेल्यावर पाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. मोज्याच्या इलॅस्टिकची खूण घोट्यावर खोल उमटलेली, बाहेरचा खळगा भरलेला. कालच्या उड्यांची सूज. दुखलं नव्हतं, तरी पायाने नाही म्हटलं होतं.

माझं मत मी सांगितलं: जाऊ नये. निर्णय माझा नव्हे, तिचा आणि घरच्यांचा. तिला जायचंच होतं आणि तिचं चुकत होतं असंही नाही. मुंबईच्या कबड्डीत जिल्ह्याच्या संघात नाव लागणं म्हणजे पुढे खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीचा पहिला कागद असतो. ते दार एक वर्ष लांबणार होतं. शेवटी आईने साधा प्रश्न विचारला: “आत्ता परत मुरगळला तर परीक्षेला जायची कशी?” मार्चमध्ये परीक्षा होती. ती चाचणीला गेली नाही. पुढचे चार दिवस दवाखान्यातही आली नाही.

घोटा धरून ओढायचा सराव

परत आल्यावर काम बदललं आणि मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते या टप्प्यात.

सरळ धावणं, मग इंग्रजी आठच्या आकड्यात, मग वळणं. इथपर्यंत कुठल्याही खेळाचं सारखंच. पुढे कबड्डीचं. निदान रेषा (चढाई वैध ठरायला ओलांडावी लागते ती) ओलांडून परत, बोनस रेषेवर पाय, मागे लाथ, बसून हाताने स्पर्श. आधी ठरलेल्या क्रमाने, मग सरांच्या ओरडण्यावर, शेवटच्या क्षणी दिशा बदलून. ठरवून केलेली हालचाल तिला दहा दिवसांत जमली. न ठरवता करायची जमायला बराच वेळ लागला.

मातीवर आणि मॅटवर पाय वेगळा वागतो. तिच्या मंडळाचा सराव मातीवर अनवाणी, सामने मॅटवर रबरी तळव्याचे बूट घालून. मातीवर पाऊल थोडं घसरतं आणि ताण सुटतो. मॅटवर रबर चिकटतं, पाऊल जागीच राहतं आणि अंग फिरलं की पीळ थेट घोट्यात जातो. तिच्या दुखापतीत तेच झालं होतं. म्हणून सरांनी आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या मंडळाची मॅट मिळवली.

मग पकड. आधी टॉवेलचा फास घोट्याला अडकवून मी हलके ओढायचे, ती उभी. मग जोरात. मग चवडा ताणलेला असताना. त्यानंतर संघातली डावी कोपरारक्षक आली. सुरुवातीला सांगून धरायची, मग न सांगता. पहिल्या दिवशी हिने तिला दोनदा विचारलं, “धरणार आहेस ना?” आणि तिने धरताच अंग फिरवून सुटायला गेली, अगदी जानेवारीसारखी. सरांनी थांबवलं. म्हणाले, अंग आधी फिरवू नको, गुडघा आधी छातीकडे ओढ, पाऊल वर घे, मग वळ.

पकड सोडवायचा हा जुना धडा सर पंधरा वर्षं मुलींना शिकवत होते. घोट्याच्या रचनेच्या हिशेबानेही तो बिनचूक आहे. पाऊल वर आलं की टॅलसचा रुंद भाग खाचेत बसतो, सांधा घट्ट होतो आणि ओढ एकट्या लिगामेंटवर न येता गुडघा-मांडीच्या स्नायूंवर जाते. सरांना टॅलस माहीत नव्हता आणि मला पकड माहीत नव्हती. सर आणखी एक करत होते, माझ्या कागदात ते नव्हतं: तिला डाव्या पायाने बोनस घ्यायला शिकवत होते. उजवा पाय पुढे टाकायची तिची खोड सगळ्यांना ठाऊक झाली होती.

मैदानात परत

परीक्षेनंतर, एप्रिलमध्ये, एका मंडळाच्या मैत्रीपूर्ण सामन्यात उत्तरार्धात उतरली. महिलांचा अर्धा डाव १५ मिनिटांचा, तिच्या वाट्याला थोड्याच चढाया आल्या. ब्रेस घातलेला. दुसऱ्याच चढाईत डाव्या कोपऱ्याने घोटा धरलाच. ती सुटली नाही, बाद झाली. पण गुडघा ओढला होता, अंग नंतर फिरलं होतं. बाहेर येऊन बसली आणि मोजा खाली करून स्वतःच घोट्याचा खळगा चाचपून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नव्हती. पुढच्या सामन्यांत हळूहळू चढाया वाढवल्या, सलग दोन दिवस सामने मात्र महिनाभर नाही.

ब्रेसबद्दल वडिलांना शंका होती, सवय लागेल, पाय कमजोर होईल. ब्रेसने घोटा कमजोर होतो याला काही आधार नाही. उलट आधी मुरगळलेल्यांत ब्रेस आणि तोलाचे व्यायाम या दोन्हींनी पुन्हा मुरगळणं कमी होतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. लिगामेंट नव्याने विणलं जातं, पण ते पक्कं व्हायला वर्षभर लागतं. तोपर्यंत सराव आणि सामना दोन्हींत ब्रेस, असं ठरलं. तोलाचे व्यायाम घरी होत नाहीत हे तोवर सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं, म्हणून सरांनी ते संघाच्या वॉर्म-अपमध्येच घातले. सगळ्या करतात, मग हीपण करते.

पावसाळ्यात पुन्हा तपासलं. एका पायावर टाच उचलणं दोन्हीकडे सारखं. पाय पुढे लांबवण्यातला फरक २ सेंटीमीटर. भिंतीजवळचा फरक दीडवर अडकलाय आणि तो बहुधा तसाच राहील. हाताने ओढून पाहिलं तर उजवा घोटा डाव्यापेक्षा अजूनही किंचित सैल लागतो. पुलावर पाय वळणं मार्चनंतर झालेलं नाही. भरवसा दहापैकी आठ, या वेळी आई खोलीत असतानाही आणि नसतानाही.

वॉर्म-अपमध्ये सगळ्यांना डोळे मिटून एका पायावर उभं केल्यावर सरांना आणखी दोघी सापडल्या. दोघींचे घोटे पूर्वी मुरगळलेले, दोघींनाही ‘सवय झालीय’. त्यातली एक म्हणजे हिचा घोटा धरून ओढणारी डावी कोपरारक्षक. तिची पहिली तपासणी या शनिवारी आहे.